आंब्याच्या ओंडक्यापासून टेबलापर्यंत: कोल्हापूरच्या हवेत जाड फळी कशी कापायची, वाळवायची आणि पॉलिश करायची

आपल्याकडं दरवर्षी एप्रिल-मे मध्ये वळवाचा वारा सुटला की आंबा, शिरीष, रेन ट्री असली मोठी झाडं पडतात, रस्ता रुंदीकरणात पण बरीच जातात, आणि त्यातलं बहुतेक लाकूड जळणाच्या भावानं वखारीत नाहीतर वीटभट्टीत जातं. दीड-दोन फूट रुंदीचा, आतून रेघांनी भरलेला ओंडका भट्टीत जाताना बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्याच ओंडक्यातनं घरातलं डायनिंग टेबल, बाक, देवघराची फळी, टीव्ही युनिट सगळं होऊ शकतं. आता सालीच्या कडेसकट ठेवलेल्या जाड फळीची टेबलं शोरूममध्ये चांगल्याच किमतीला विकली जातात, त्यामुळं बरेच जण विचारतात की हे घरी जमेल का. जमतं. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कापणं एका दिवसाचं काम आहे, पॉलिश एका आठवड्याचं, आणि वाळवणं वर्ष-दीड वर्षाचं, आणि फर्निचर टिकणार की फाटणार हे त्या वाळवण्यावरच ठरतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा वाळवण्याला दिली आहे.

लाकूड कुठलं घ्यायचं

पहिल्यांदा करताय तर रेन ट्री किंवा आंबा घ्या. रेन ट्री, म्हणजे विलायती शिरीष, रुंद मिळतो, वाळताना फार आक्रसत नाही आणि वाकतही कमी, आतला रंग चॉकलेटी आणि कडेला पिवळट पांढरा पट्टा, टेबलाला छान दिसतो. आंबा सगळीकडं मिळतो, स्वस्त असतो, कापायला-रंधायला सोपा, पण त्याला कीड आणि बुरशी लई लवकर लागते. पडलेला आंबा पावसात दोन-तीन महिने तसाच ठेवला की आत निळे-काळे डाग पडतात आणि नंतर लाकूड भुसभुशीत होतं. त्यामुळं आंबा मिळाला की लगेच सॉ मिलवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत न्यायचा, याला पर्याय नाही.

फणस मिळाला तर सोनंच. ताजा असताना पिवळाधमक, काही वर्षांत मधासारखा तपकिरी होतो, आणि वाळवी त्याला सहज लागत नाही. आजरा, चंदगड, गगनबावडा, राधानगरी भागात जुनी फणसाची झाडं आहेत, तिकडं ओळख असेल तर विचारून ठेवा. साग तर सगळ्यांना माहीत आहे, लाकूड स्थिर, तेलकट, कामाला मऊ, पण रुंद ओंडका आता महाग पडतो. बाभूळ पूर्वी बैलगाडीच्या चाकांना आणि औतांना वापरायचे इतकी दणकट, पण ती वाळताना चिरते, पात्याची धार घालवते आणि वजनाला जड, नवख्या माणसानं सुरुवात तिथनं करू नये. शिसव मिळाला तर ठेवून द्या, हात बसल्यावर करा, त्याचा भुसा काही जणांच्या अंगावर उठतो हे पण लक्षात ठेवा.

ओंडका बघताना सालीवर लक्ष द्या. सालीच्या रेघा बुंध्याभोवती वळसा घेत वर गेल्या असतील तर आतलं लाकूड पण तसंच वळलेलं असतं आणि फळी वाळताना पीळ मारते. एका बाजूला कललेल्या झाडाच्या लाकडात, तसंच आडव्या फांद्यांत आधीपासूनच ताण असतो, त्यामुळं करवत घातल्या घातल्या फळी धनुष्यासारखी वाकू शकते. सरळ वाढलेल्या खोडाचा, जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंतचा भाग सगळ्यात चांगला. दोन फांद्या फुटतात तिथली डिझाईन फार सुंदर असते, पण ते लाकूड चारी बाजूंनी आक्रसतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या कामाला ठेवा.

कागद आधी, करवत नंतर

हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. आपल्या मालकीच्या रानातलं झाड असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ लागू होतो आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, खैर ही आपल्या ओळखीची झाडं आहेत. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तिथं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड वाऱ्यानं पडलेलं असलं तरी आधी कळवा, फोटो काढून ठेवा. गाडीतनं ओंडका न्यायचा तर वनखात्याचा वाहतूक पास लागू शकतो, काही जातींना त्यातनं सूट असते आणि यादी बदलत राहते, तर निघायच्या आधी वनखात्याच्या जवळच्या ऑफिसात विचारून घ्या. सॉ मिलला सुद्धा लायसन्स असतं, त्यामुळं चांगला मिलवाला कागद बघितल्याशिवाय ओंडका चढवत नाही, आणि तसं विचारणाऱ्या मिलवरच जावं.

वखारीतनं विकत घेत असाल तर पावती घ्या. आणि मोजमाप कसं करतात ते समजून घ्या, नाहीतर भाव कळणार नाही. ओंडक्याचा मधला घेर इंचात मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून फुटातल्या लांबीनं गुणायचं आणि १४४ नं भागायचं. समजा घेर ६० इंच आणि लांबी ८ फूट, तर १५ गुणिले १५ गुणिले ८ भागिले १४४, म्हणजे १२.५ घनफूट. खरा गोल ओंडका त्यापेक्षा जास्त भरतो, साधारण १५.९ घनफूट, पण कापण्यात जी घट जाते ती या जुन्या पद्धतीत आधीच धरलेली असते. एवढा ओला आंब्याचा ओंडका चारशे किलोच्या आसपास जातो, त्यामुळं छोटा हत्ती ठरवताना चढवायला-उतरवायला माणसं पण ठरवा.

मिलवर

चेनसॉला फ्रेम लावून जागेवर फळ्या काढायचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना ते करावंसं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या कामाला ते नको. चेनसॉ धोक्याचं हत्यार आहे, आणि त्याची चेन एका कापाला ८-९ मिलीमीटर लाकूड खाते, मिलवरच्या बँडसॉचं, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीचं पातं २-३ मिलीमीटरच खातं. चार कापात फरक केवढा पडतो ते बघा. ओंडका इतका मोठा असेल की मिलच्या मशीनवर बसतच नाही, किंवा अशा जागी पडलाय की गाडी जात नाही, तरच चेनसॉचा विचार करा आणि तेही हात बसलेल्या माणसाकडनं.

मिलवर जाताना आधी विचारा की तुमच्या मशीनवर जास्तीत जास्त किती रुंदीचा ओंडका बसतो. आणि ओंडक्यात खिळे, तारा आहेत का ते स्वतः बघून जा. रस्त्याकडेच्या झाडाला हमखास खिळे असतात, बोर्ड ठोकलेले, बॅनरच्या तारा गुंडाळलेल्या, आणि त्या वर्षानुवर्षं सालीखाली गाडल्या जातात. सालीवर कुठं काळसर निळा डाग दिसला तर तिथं लोखंड आहे असं समजा. हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर मिळत असेल तर फिरवून घ्या, पातं तुटलं तर मिलवाल्याचं नुकसान आणि आपलं काम पण थांबतं.

मिलवरच्या मिस्त्रींना दारं-खिडक्यांचं लाकूड कापायची सवय असते, त्यांचा हात आपोआप ओंडका चौकोनी करायला जातो. पहिला काप व्हायच्या आधीच सांगा, "मिस्त्री, कडा कापू नका, साल हाय तशी राहूदे, एका मागं एक नुसत्या फळ्या पाडा." आणि तिथंच उभं राहा. जाडी किती ठेवायची, तर तयार टेबल दीड इंचाचं हवं असेल तर सव्वादोन इंच कापा. वाळताना थोडी जाडी जाते, वाकलेलं सपाट करताना बरीच जाते, आणि पातळ कापलेलं परत जाड करता येत नाही. लांबीला पण दोन्ही टोकांना सहा-सहा इंच जास्त ठेवा, टोकं चिरतातच.

ओंडक्याच्या मधोमध जो गाभ्याचा बारीक ठिपका असतो तो ज्या फळीत येतो ती फळी त्या रेषेत चिरते, बहुतेक वेळा थांबवता येत नाही. त्यामुळं ती मधली फळी एक तर गाभ्याच्या रेषेवर उभी चिरून दोन अरुंद फळ्या करा, नाहीतर पायांसाठी, पट्ट्यांसाठी वापरा. कापलेल्या फळ्यांवर खडूनं १, २, ३ असे क्रमानं नंबर घाला, शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून जोडल्या तर दोन्हीकडं सारखी डिझाईन येते, आणि नंबर नसेल तर नंतर जुळवणं अवघड जातं.

पहिले चोवीस तास

लाकडाच्या टोकातनं पाणी बाजूच्या मानानं कितीतरी पटीनं लवकर जातं, टोक आधी आक्रसतं आणि आतलं अजून फुगलेलं असतं, म्हणून टोकाला चिरा पडतात. त्यामुळं फळ्या घरी आल्या की त्याच दिवशी दोन्ही टोकांना जाड ऑइल पेंटचे दोन-तीन हात द्या. घरात उरलेला कुठल्याही रंगाचा पेंट चालतो. मेण वितळवून पातळ करून लावलं तर अजून चांगलं, फक्त मेण थेट गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. टोकापासून दोन-तीन इंच बाजूंवर पण पेंट घ्या.

मग साल. साल टिकवायचा मोह होतो, पण किडे सालीखालीच राहतात आणि साल पुढं कधीतरी सुटतेच. खुरपं किंवा जुनी बोथट पटाशी घेऊन ओली असतानाच काढा, ओल्यावर ती पट्ट्यापट्ट्यानं निघते, खालची नैसर्गिक कड मात्र जपा. नंतर बोरॅक्सचं, म्हणजे टाकणखाराचं पाणी. साधारण १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशनं सगळीकडनं दोन हात मारा, कडेच्या पांढऱ्या कच्च्या लाकडावर जरा जास्तच, कारण भुसा पाडणारी कीड तिथंच लागते. ओल्या लाकडात हे आतवर झिरपतं, वाळल्यावर लावलं तर वरच्यावर राहतं. हातमोजे घाला, मिश्रण पोरांपासून आणि जनावरांपासून लांब ठेवा. पावसात भिजलं तर हे धुऊन जातं, त्यामुळं पुढं फळ्या पावसात सापडता कामा नयेत.

थप्पी लावणं

इथं घाई केली की पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून नीट वाचा.

जागा अशी हवी की वर पत्रा, चारी बाजूनं वारा आणि थेट ऊन नाही. गच्चीवरची पत्र्याची शेड चालते पण मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी होते, गोठ्याच्या कडेची शेड उत्तम. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते आठवून जागा ठरवा, वर्षभर वाळवलेली थप्पी पाण्यात गेली तर सगळं पहिल्यापासनं.

जमिनीवर सिमेंटचे ब्लॉक ठेवून एक-दीड फूट उंची करा. त्यावर आडवे वासे, सगळे एका लेव्हलमध्ये, दोरा लावून बघा, कारण खालचे वासे वाकडे असतील तर वरच्या सगळ्या फळ्या तोच वाकडेपणा उचलतात आणि वाळल्यावर तो कायमचा राहतो. दोन फळ्यांच्या मध्ये एक इंच जाडीच्या वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या, दर दीड फुटावर एक. सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या आणि वरपासून खालपर्यंत एका उभ्या रेषेत, खालच्या वाशाच्या बरोबर वर. एक पट्टी चार इंच सरकली तर वरचं वजन फळीच्या पोकळ भागावर येतं आणि तिथं फळी बसते. ओल्या लाकडाच्या पट्ट्या वापरू नका, जिथं टेकतात तिथं आडवा काळा डाग उठतो आणि तो रंधून पण जात नाही. बांबूच्या काड्या गोल आणि कमी-जास्त जाडीच्या असतात, त्या नकोच.

थप्पीच्या वर वजन ठेवा, सिमेंटचे ब्लॉक, जुन्या फरशा, काहीही, किंवा ट्रकवाले वापरतात तसे रॅचेट पट्टे आवळा आणि दर पंधरा दिवसांनी परत ओढा कारण लाकूड आक्रसलं की पट्टा ढिला होतो. वरच्या फळ्यांना सगळ्यात जास्त पीळ बसतो, म्हणून चांगल्या फळ्या खाली ठेवा.

प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका. ओलावा आत कोंडतो आणि आठवड्यात बुरशीचा वास यायला लागतो. बाजूंना हिरवी शेडनेट बांधली तर पुरे.

कोल्हापूरचं कॅलेंडर

ओल्या लाकडातलं पाणी दोन प्रकारचं असतं. पोकळ्यांमध्ये मोकळं असलेलं पाणी आधी जातं, तेव्हा वजन कमी होतं पण आकार बदलत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली गेला की पेशींच्या भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि तिथनं आक्रसणं, वाकणं, चिरणं सुरू होतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, रुंदीत पडतो, आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जेवढा पडतो तो गाभ्याकडनं सालीकडं जाणाऱ्या दिशेच्या बहुतेक जातींत दीड ते दुप्पट असतो. या फरकामुळंच फळी कपासारखी वळते, आणि वळते ती सालीच्या बाजूला.

दुसरी गोष्ट, लाकूड कधीच कोरडं ठाक राहत नाही, ते आसपासच्या हवेशी जुळवून घेतं. हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड ७-८ टक्क्यांवर थांबतं, ८५ टक्के असेल तर १७-१८ वर. आपल्याकडं मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस झड, गगनबावड्याकडं तर विचारूच नका. म्हणजे ऑगस्टमध्ये उघड्या शेडमध्ये फळी कितीही महिने ठेवली तरी ती १५-१६ च्या खाली येणार नाही, हे हवेचं गणित आहे.

म्हणून कापायची वेळ महत्त्वाची. दिवाळीनंतर ते डिसेंबर अखेर कापलं तर सगळ्यात चांगलं, थंडीत हवा बेतानं कोरडी असते, पहिले दोन-तीन महिने लाकूड सावकाश पाणी सोडतं आणि चिरा कमी पडतात. मार्च ते मे मध्ये ताजं कापलेलं लाकूड वरून झपाट्यानं वाळतं आणि आत ओलं राहतं, वरची कातडी कडक होऊन अडकते आणि पुढं आतच फाटतं, बाहेरून दिसत पण नाही. वळवात पडलेलं झाड मे मध्ये कापावं लागलं तर वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगा, दुपारचा झोत अडवा, म्हणजे वाळण्याचा वेग कमी होईल. पावसाळ्यात उलट, गोणपाट काढा, हवा खेळती ठेवा, बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडा, गरज पडली तर एक टेबल फॅन लावून द्या.

एक इंच जाडीला एक वर्ष असं सगळीकडं सांगतात. ते ढोबळ आहे, आपल्या गरम हवेत आंबा, रेन ट्री त्याच्या आधी वाळतात आणि बाभूळ, शिसव सावकाश. दोन-सव्वादोन इंचाच्या आंब्याला मी असं धरतो की डिसेंबरला कापलं तर पहिला उन्हाळा आणि एक पावसाळा शेडमध्ये जाऊदे, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात काम करा. घाई असेल तर बाजारात सीझनिंग प्लांट असतात, तिथं भट्टीत वाळवून मिळतं, पण आधी चार-सहा महिने हवेवर वाळवून मग न्या, ताजं ओलं जाड लाकूड थेट भट्टीत घातलं तर आतनं फाटायचा धोका मोठा. भट्टीचा एक मोठा फायदा म्हणजे लाकडाच्या मध्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास पोचली की कीड आणि तिची अंडी मरतात, जागतिक बाजारात लाकडी पेट्यांसाठी हाच नियम आहे.

घरी सोलर भट्टी पण करता येते. पॉलीहाऊसला वापरतात तो यूव्ही कागद कृषी साहित्याच्या दुकानात मिळतो, लाकडी सांगाडा करून दक्षिणेकडं उतार द्यायचा, आत वर काळा रंगवलेला पत्रा, एक-दोन छोटे पंखे आणि मागं दोन झडपा. दिवसा तापते, रात्री थंड होऊन आतली हवा परत दमट होते आणि लाकडातला ताण थोडा सैल पडतो, म्हणून नवख्यांना ही इलेक्ट्रिक भट्टीपेक्षा सुरक्षित. डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आणि बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत या प्रकारावर बरंच काम झालेलं आहे. लाकूड वाळवण्यासाठी आयएस ११४१ आणि कुठल्या कामाला किती ओलावा चालतो त्यासाठी आयएस २८७ ही भारतीय मानकं आहेत, दुसऱ्यात देशाचे हवेनुसार चार भाग केलेत. आवड असेल तर वाचा.

ओलावा मोजणं

दोन पिनांचा मॉइश्चर मीटर ऑनलाईन मिळतो, घ्याच. पण तो कसा वापरायचा ते महत्त्वाचं. पिना वरच्या चार-पाच मिलीमीटरचाच ओलावा सांगतात. मे महिन्यात फळीच्या वर टोचलं की ९ दाखवतो आणि माणूस खूश होतो, पण आत १८ असू शकतात. खरं बघायचं तर थप्पीतल्या एखाद्या कमी महत्त्वाच्या फळीचा टोकाकडचा एक फूट कापून टाका आणि ताज्या कापावर, जाडीच्या बरोबर मध्यभागी पिना टोचा. वरचा आणि आतला आकडा यात दोनपेक्षा जास्त फरक असेल तर परत थप्पीवर.

मीटरवर विश्वास नसेल तर ओव्हनची पद्धत आहे, ती सगळ्यात खात्रीची. त्याच कापलेल्या टोकातनं एक इंच जाडीची आडवी चकती काढा, किचनच्या काट्यावर लगेच वजन करा. मग ओटीजी ओव्हनमध्ये १०३ अंशाला ठेवा, दर काही तासांनी वजन करा, वजन उतरायचं थांबलं की संपलं, साधारण एक दिवस लागतो. समजा सुरुवातीला १८६ ग्रॅम आणि शेवटी १५५ ग्रॅम, तर गेलेलं पाणी ३१ ग्रॅम, ३१ ला १५५ नं भागून शंभरनं गुणलं की २० टक्के. भागायचं ते कोरड्या वजनानं, ओल्या नाही. एवढं केलं की अंदाजाला जागाच राहत नाही.

आपल्या घरातल्या फर्निचरला १० ते १२ टक्के बरोबर. शेडमध्ये १२-१३ वर आलं की फळ्या घरात, शक्यतो जिथं टेबल राहणार त्याच खोलीत, पट्ट्या घालून तीन-चार आठवडे ठेवा. हे पावसाळ्यात करू नका.

सपाट करणं

रंध्यानं करणारे जुने सुतार आजही आहेत आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो, पण अडीच फूट रुंद फळी हातानं सपाट करणं नवख्याच्या कुवतीबाहेरचं. सोपा मार्ग म्हणजे राउटर, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड खरवडणारं हातातलं मशीन, आणि त्याला सरकवणारी चौकट, म्हणजे स्लेड. दोन्ही बाजूंना एमएसचे, म्हणजे साध्या लोखंडाचे चौकोनी पाईप रुळासारखे, त्यावर सरकणारी एक चौकट आणि त्यात राउटर. पाईप सरळ आहेत का ते बघून घ्या. असली चौकट उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला चित्र काढून दिलं की करून देतो, आपल्या गावाचा हा मोठा फायदा आहे.

फळी खाली ठेवून चारी कोपऱ्यांत पाचरी मारून डुगडुग बंद करा, कारण पीळ असलेली फळी दाबून धरली तर ती दाबलेली असताना सपाट होते आणि सोडली की परत वळते. एका फेरीला २ मिलीमीटर, फार तर ३, जास्त घेतलं तर राउटर पण तापतो आणि लाकूड पण फाटतं. एक बाजू झाली की उलटी करा. दोन्ही बाजूनं साधारण सारखंच लाकूड काढा, आणि झाल्यावर लगेच पॉलिशला घेऊ नका, आठवडाभर पट्ट्यांवर उभी हवा लागेल अशी ठेवा, आतला भाग उघडा पडलेला असतो तो थोडा हलतो, मग शेवटची एक बारीक फेरी मारा. मास्क एन ९५ तरी हवाच, चष्मा आणि कानाला पण संरक्षण, आणि घरात दारं लावून हे काम करू नका.

चिरा असतील तर घाबरू नका. हलणारी चीर असेल तर तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची कडक लाकडाची पाचर खाच पाडून बसवा, बाभळीचे तुकडे इथं कामाला येतात. नुसती पोकळी असेल तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं ते काट्यावर मोजा, अंदाजानं नको, आणि एका वेळी किती जाडी ओतायची तेही डब्यावर असतं, त्यापेक्षा जास्त ओतलं तर तापून उकळतं आणि तडकतं. खालून टेप लावायला विसरू नका. पावसाळी हवेत इपॉक्सीवर चिकट पांढरट थर येतो.

पाय बसवताना

सगळ्यात जास्त टेबलं इथं फाटतात. हिशेब करून बघू. आंब्याची ३० इंच रुंद फळी, म्हणजे ७६० मिलीमीटर. ओल्यापासून पूर्ण कोरडी होईपर्यंत आंबा वर्तुळांच्या दिशेनं साडेपाच टक्के आक्रसतो, म्हणजे ओलाव्याच्या दर एका टक्क्याला सुमारे ०.१९ टक्के. घरात मे ला ९ आणि ऑगस्ट अखेर १५ धरलं तर सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे रुंदीत आठ-नऊ मिलीमीटर. पॉलिशनं हा वेग कमी होतो, थांबत नाही. लोखंडी पायाची पट्टी गोल भोकांतनं घट्ट स्क्रू मारून बसवली तर या आठ मिलीमीटरला जायला जागाच नाही, मग फळी फाटते नाहीतर वाकते.

त्यामुळं पट्टीच्या मधल्या भोकात स्क्रू घट्ट, आणि बाहेरच्या भोकांना आडव्या लांबट खाचा, १२-१५ मिलीमीटरच्या. वॉशर लावा आणि स्क्रू इतकाच आवळा की फळी सरकू शकेल. काम मे मध्ये करत असाल तर फळी तेव्हा सगळ्यात अरुंद असते, बाहेरचा स्क्रू खाचेच्या आतल्या टोकाला ठेवा म्हणजे पावसाळ्यात बाहेर सरकायला जागा राहील. पावसाळ्याच्या शेवटी बसवताना बरोबर उलटं. फळीच्या खाली आडव्या खाचेत लोखंडी सी-चॅनल घालायचं असेल तर त्याच्या भोकांना पण हाच नियम.

पॉलिश

८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरू करा, मग १२०, १८०, २२०. मधला नंबर गाळू नका, ८० चे ओरखडे २२० नं जात नाहीत आणि तेल लावल्यावर सगळे वर दिसतात. १८० झाल्यावर ओल्या फडक्यानं पूर्ण फळी पुसा, तंतू उभे राहतात, वाळल्यावर २२० हलक्या हातानं. खिडकीचा उजेड तिरका पडेल अशी फळी ठेवून बघा, समोरून न दिसणारे सगळे ओरखडे तिरक्या उजेडात दिसतात.

नवख्यानं तेलच लावावं असं माझं म्हणणं आहे. उकळलेलं जवसाचं तेल किंवा टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल), पातळ हात, वीस मिनिटांनी फडक्यानं पूर्ण पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत, असे चार-पाच हात, वर मधमाशीच्या मेणाचं पॉलिश. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून परत तेल लावता येतं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना स्वतःहून तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. फडकी बाहेर उघड्यावर एक-एक पसरून वाळवा नाहीतर पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवा.

लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसायला फार सुंदर, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, डायनिंगला नको, देवघराला, शोकेसला छान. रोज वापराच्या टेबलाला, पोरं असलेल्या घरात, दोन भागांचं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश टिकाऊ, पण ते फवारणी करणाऱ्या पॉलिशवाल्याकडनं करून घ्या. मेलामाईनचं पॉलिश आणि लाख दोन्ही पावसाळ्यात पांढरट पडतात, म्हणून पॉलिशचं काम नोव्हेंबर ते मे मध्येच उरका. सागाला चिकटवण्याआधी किंवा पीयू मारण्याआधी थिनरनं पुसून घ्या, त्याचं तेल धरू देत नाही.

आणि वर जेवढे हात दिलेत तेवढेच खालच्या बाजूला पण द्या. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरी सोडली तर ती ओलावा लवकर ओढते, वरची सावकाश, आणि सपाट केलेली फळी पहिल्याच पावसाळ्यात परत वळते. पहिला पावसाळा संपला की खालचे स्क्रू एकदा तपासा, खाचेच्या टोकाला जाऊन अडकलेला दिसला तर खाच कानसीनं दोन-तीन मिलीमीटर वाढवून घ्या, आणि तेलाचं टेबल असेल तर त्याच वेळी वरून-खालून एक हात तेल द्या.